शालेय समुपदेशक: बीएड आणि दोन दिवसांचं सर्टिफिकेट पुरत नाही

“बीएड आहे, मुलांशी गोड बोलता येतं; शनिवार-रविवारचा कोर्स केला की झालो समुपदेशक,” हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत (शाळा मंडळाशी जोडण्याच्या अटींत) समुपदेशकासाठी मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनातली पदविका अशी पात्रता मागितली आहे. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेची समुपदेशन पदविकाच १ वर्षाची: ६ महिने दूरशिक्षण, ३ महिने प्रत्यक्ष वर्ग (भोपाळलाही केंद्र आहे), ३ महिने इंटर्नशिप. खरी घडण इंटर्नशिपमध्येच होते. नववीतली मुलगी समोर बसून खोडरबराचे तुकडे करत राहते, एक शब्द बोलत नाही. तेव्हा जिभेवर आलेला उपदेश गिळून शांत बसायला सराव लागतो. आणि हो, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्याला लागते, शालेय समुपदेशकाला नाही. तिच्या धास्तीने ही वाट सोडू नका.