कव्हर अल्बमचे पैसे मूळ गायकाला जातात का?

“दुसऱ्यांची गाणी गाऊन अल्बम काढायचा तर मूळ गायकाची परवानगी लागते आणि कमाईतला वाटाही त्यालाच जातो.” सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी सॉफ्ट रॉकच्या कव्हर अल्बमांबद्दल हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे.

तो होणं साहजिक आहे, कारण गाणं आपण गायकाच्या नावानं ओळखतो. कायदा मात्र दोन गोष्टी वेगळ्या धरतो: रचना, म्हणजे शब्द आणि चाल, आणि ध्वनिमुद्रण. कव्हर करणारा सगळं नव्यानं वाजवून-गाऊन घेतो, जुनं ध्वनिमुद्रण वापरतच नाही. म्हणून देणं लागतं ते गीतकार, संगीतकार आणि रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या त्यांच्या प्रकाशकाचं.

रचना एकदा अधिकृतपणे ध्वनिमुद्रित होऊन विक्रीला आली, की अमेरिकेत १९०९पासून अनिवार्य परवाना मिळतो, म्हणजे रचनेचा हक्कदार तो नाकारू शकत नाही. नोटीस द्यायची, दर भरायचा. १९७७ अखेरपर्यंत हा दर प्रत्येक प्रतीतल्या प्रत्येक गाण्यामागे २ सेंट होता. दहा गाण्यांच्या लाख प्रती खपल्या तर २०,००० डॉलर. चित्रपटात गाणं वापरायला मात्र हा परवाना पुरत नाही.

पडताळायचं तर रेकॉर्डचं लेबल पाहा. गाण्याच्या नावाखाली कंसात असतात ती रचनाकारांची नावं. मूळ गायकाचं नाव तिथे असेल तर त्याला पैसे मिळतात, पण लेखक म्हणून. बहुतेक गोंधळ इथूनच होतो.

भारतातला नियम अधिक कडक आहे: पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव छापायचं नाही.