खिळा (शब्द)

खिळा म्हणजे दोन वस्तू एकमेकींना घट्ट बसवण्यासाठी ठोकायची धातूची काडी. एक टोक अणकुचीदार, दुसरे चपट्या डोक्याचे. अगदी बारीक खिळ्याला चूक म्हणतात.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘कील’. प्राकृतात त्याची कील आणि खील अशी दोन्ही रूपे आढळतात. मराठीने दुसरे उचलले. मूळ अर्थ लोखंडाचा नाही, लाकडी खुंटीचा किंवा पाचरीचा आहे. पंचतंत्रात ज्या माकडाने सुतारांच्या अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातून पाचर उपसली आणि जीव गमावला, ती पाचर म्हणजे खैराचा कीलकच. रामरक्षेच्या आरंभी येणारे ‘श्रीमद्हनुमान् कीलकम्’ घराघरांत म्हटले जाते. तिथेही स्तोत्राला पक्के बसवणारी खुंटी हाच भाव आहे.

दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत बहुधा ळ होतो (फल–फळ, काल–काळ), जोड ल्ल मात्र ळ होत नाही. म्हणून खिळ्यात ळ आला आणि त्याच कुळातल्या किल्लीत ल्ल टिकला. वरवर पाहता या दोघांचे नाते ओळखू येत नाही, पण ते सख्खे आहे.

सोलापुरात हे नाते फार चांगले दिसते, कारण इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारीशेजारी नांदतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड घरांत ‘कीली’ म्हणजे कुलूप. ‘कीली हाकु’ म्हणजे कुलूप लाव. मराठी किल्ली उघडते, कन्नड कीली बंद करते! किल्लीला कन्नडात ‘कीलिकै’ म्हणतात. कै म्हणजे हात. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत तीच वस्तू ‘ताळंचेवि’ होते. चेवि म्हणजे कान. एकाच्या बोलण्यात कुलपाचा हात, दुसऱ्याच्या बोलण्यात कुलपाचा कान. मराठीतला ‘कुलूप’ हा शब्द मात्र अरबी ‘कुफ्ल’मधली अक्षरे उलटसुलट होऊन आला आहे.

खिळ्याला कन्नडात ‘मोळे’ म्हणतात. आपण सहज म्हणतो त्या ‘खिळेमोळे’ या जोडशब्दाचा दुसरा अर्धा भाग सोलापूरकराला म्हणूनच परका वाटत नाही. तेलुगूतला ‘मेकु’ ऐकताना आपली मेख आठवते. मराठीतली मेख फारसीतून आली. तंबूच्या खुंटीपासून निघून ती ‘यात एक मेख आहे’ इथपर्यंत, म्हणजे छुप्या अडचणीपर्यंत पोचली.

अर्थविस्ताराच्या दृष्टीने खिळ्याहून त्याची बहीण ‘खीळ’ अधिक समृद्ध आहे. बैलगाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला घालतात ती खीळ. ती नसेल तर गाडी चालायचीच नाही. तरीही भाषेने तिच्यातला अडवण्याचा गुण तेवढा घेतला: दातखीळ बसते, कामाला खीळ बसते, तोंडाला खीळ घालतात. चाक जागेवर ठेवणाऱ्या वस्तूवर हा थोडा अन्यायच झाला आहे. ‘खिळणे’ या क्रियापदात दोन्ही छटा आहेत; नजर आनंदाने खिळते, आजारी माणूस अंथरुणाला खिळतो.

आणखी एक अर्थ आता विसरला जातो आहे. छपाईसाठी ओतलेल्या शिशाच्या सुट्या अक्षरालाही मराठीत खिळाच म्हणत. जुळारी एकेक खिळा खणातून उचलून उलट्या अक्षरांची ओळ जुळवी. मुंबईत जावजी दादाजींनी 1869 साली काढलेला निर्णयसागर छापखाना त्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांसाठी नावाजलेला होता. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेले जुने पुस्तक हाती आले, तर त्यातली फिकी, तुटकी वेलांटी बोटाने चाचपून पाहावी; कागदावर दाबाची खूण अजून लागते.