मन भरकटतं तेव्हा मेंदू बंद नसतो

‘मन भरकटलं की मेंदू बंद असतो, आणि हे सगळ्यांचं सारखंच’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेचा खप सुमारे २० टक्के. अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खप थोडासाच वाढतो. म्हणजे ‘बंद’ असं काही नसतंच. मन भरकटताना कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला पट्टा ताळमेळ साधून काम करतात. हा ताळमेळ किती घट्ट, नियोजनाचे भाग त्यात किती सामील, हे मात्र माणसागणिक बदलतं. मग मेंदूच्या स्कॅनच्या रंगीत चित्रांत सगळे सारखे का दिसतात? कारण ती बहुधा अनेकांची सरासरी असते; शिवाय स्कॅनर विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमधले बदल टिपतो.

मेंदूतलं घरी दिसणार नाही, पण अनुभवातला फरक पडताळता येतो. दोघांनी दिवसात ८ गजर लावावेत, तेही एकमेकांचे. स्वतः ठरावीक वेळी लावले तर मन आधीच सावध होतं. वाजताच मनात काय होतं ते लिहा: हातातलं काम की दुसरंच, चित्र की शब्द, मुद्दाम की नकळत. आठवड्याने वह्या ताडून पाहा. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदी सरळ गाळा.