कोऱ्या नकाशाची ओढ

नेरूळच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी दुपारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचं आमचं टेबल बसतं. पाच खेळाडू, सहावा मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा), फाशांचा डबा आणि येताना कुणीतरी आणलेले वडापाव. दोन वर्षं चाललेली कॅम्पेन, म्हणजे खेळातली सलग गोष्ट, संपली. पुढे काय, म्हणून विचारलं तर पाचही जण म्हणाले, नियम तेच राहू देत, सेटिंग, म्हणजे गोष्ट घडते ते जग, नवीन घे. नियम सांगतात वीस बाजूंच्या फाशावर किती पडलं की तलवार लागते. ती कुणावर उगारायची आणि का, हे सेटिंग ठरवतं. नव्या सेटिंगची ही भूक आमच्याच टेबलाला लागलेली नाही, या खेळाच्या पन्नास वर्षांत ती पुन्हा पुन्हा वर आली आहे.

गंमत म्हणजे खेळ जन्मला तेव्हा सेटिंग ही विकायची वस्तूच नव्हती. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर युद्धखेळ मांडला. त्यात खेळाडूंना पलटणी हलवायला देण्याऐवजी एकेक माणूस दिला. कुणी नगराध्यक्ष झाला, कुणी सावकार. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ब्लॅकमूर नावाचं जग उभं केलं, किल्ला आणि त्याच्या पोटातली भुयारं. विस्कॉन्सिनमधले गॅरी गायगॅक्स त्यात सामील झाले आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पुस्तिका. जग मात्र त्या खोक्यात नव्हतं. पेन्सिल घ्या, भुयाराचे निदान अर्धा डझन नकाशे स्वतः काढा, मग खेळायला बसा, अशी अपेक्षा होती.

लोकांना तेवढा वेळ कुठला! १९७५ मध्येच एम. ए. आर. बार्कर यांचं टेकुमेल हे जग छापून आलं. बार्कर उर्दूचे अभ्यासक, विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे. त्यांनी त्या जगासाठी व्याकरणासकट भाषा रचली. (याच गृहस्थांनी टोपणनावाने नाझी-धार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे २०२२ मध्ये उघड झालं. जग सुंदर रचणारा माणूस सुंदर असेलच, असं नाही.) १९७६ मध्ये जजेस गिल्ड या प्रकाशकाने एक अख्खं शहर नकाशासह विकायला काढलं. १९८० मध्ये गायगॅक्स यांचं ग्रेहॉक आलं ते षटकोनी चौकटींच्या दोन भल्यामोठ्या रंगीत नकाशांसकट. पुस्तिका मात्र बत्तीस पानांची. एकेका राज्यावर दोनचार ओळी, बाकी तुम्ही बघा. मला अजूनही तोच साचा सर्वांत आवडतो.

मग चित्र उलटलं. १९८७ मध्ये फरगॉटन रेल्म्स आलं. कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी ते लहानपणापासून रचत आणलेलं. त्यावर कादंबऱ्यांची रांग लागली आणि वाचणाऱ्यांना प्रत्येक सरदाराचा खापरपणजोबा ठाऊक झाला. त्याचा टेबलावर होणारा त्रास आम्ही निराळ्या वाटेने भोगला आहे. एकदा हौसेने महाभारतावर कॅम्पेन घेतली. दुसऱ्याच सेशनला 'कर्ण असं वागणारच नाही' यावर अर्धा तास गेला, आणि एकाची आजी कीर्तनात ऐकलेलं आख्यान फोनवरून सांगू लागली. आजीचं चुकत नव्हतं. पण ज्या जगाचे जाणकार आधीच हजर असतात, तिथे नवख्याने तोंड उघडायचं कसं?

नव्या सेटिंगचं आकर्षण मला तरी इथे दिसतं. पहिल्या दिवशी सगळे सारखेच अडाणी असतात. लहानपणी इंग्रजी फँटसीचे ठोकळे वाचलेला आणि चांदोबातल्या वेताळावर वाढलेला, दोघेही एकाच पायरीवर. देव वेगळे, राक्षस वेगळे, जादूचा रंग वेगळा, हे सगळं असतंच; पण नावं बदलून तीच गल्ली पुन्हा दाखवली, तर तिसऱ्या सेशनला टेबल जांभया देतं.

नव्वदच्या दशकात हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीने एकामागून एक जगं काढली. १९९१ मध्ये जादूने करपलेलं वाळवंट डार्क सन, १९९४ मध्ये प्लेनस्केप. कल्पना एकाहून एक सरस. पण गिऱ्हाईक विभागलं गेलं, आणि कंपनी डबघाईला येण्याच्या अनेक कारणांत हेही एक मानलं जातं. १९९७ मध्ये ती विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने घेतली. नव्या मालकांनी २००२ मध्ये लोकांकडूनच सेटिंग मागवलं. अट एवढीच, कल्पना आधी एका पानात सांगा. सुमारे अकरा हजार पानं आली. त्यातून किथ बेकर यांचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४ मध्ये छापलं गेलं. नुकतंच संपलेलं महायुद्ध, जादूवर चालणाऱ्या आगगाड्या, आणि ज्या आपत्तीत एक देश नष्ट झाला तिचं कारण मुद्दामच न सांगितलेलं. प्रत्येक डीएमने आपापलं कारण ठरवायचं.

पुढच्या वर्षांत ही न सांगण्याची कला वाढत गेली. 'डन्जन वर्ल्ड' या दुसऱ्या खेळाने नकाशात रिकाम्या जागा ठेवा, असं नियमातच लिहिलं. २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळाला एकच शहर पुरलं, कारण त्यातल्या टोळ्यांची एकमेकींत आधीच जुंपलेली होती. २०२२ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका अधिकृत संग्रहात मिमी मोंडल यांची बंगालच्या मातीतली शंखभूमी आली. खरं सांगायचं तर पुस्तकातलं ते पान मी टेबलावर सगळ्यांना फिरवून दाखवलं. जानेवारी २०२३ मध्ये, या खेळाचे नियम इतर प्रकाशकांना वापरू देणाऱ्या परवान्याच्या अटींवरून मोठा वाद पेटला आणि बऱ्याच छोट्या प्रकाशकांनी स्वतःचे नियम, स्वतःची जगं आखायला घेतली. आजच्या नव्या सेटिंग्जच्या गर्दीमागे तोही धक्का आहे.

कोरा नकाशा हे प्रकरण नवी मुंबईकराला परकं नाही. आमचं शहरही आधी कागदावर आलं. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, तसंच अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको स्थापन झालं आणि सेक्टरांच्या रेघा ९५ गावांच्या जमिनीवर उमटल्या. कागदावर मोकळी दिसणारी ती जागा भातशेतीची, मिठागरांची होती. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची.

आमच्या पाचांतला एक करावे गावचा. गेल्या रविवारी मी नव्या सेटिंगचा नकाशा पसरला. खाडी, तटबंदी, जादूगारांचा मनोरा, बंदर. बाकीचे मनोऱ्याकडे बघत होते. त्याने बंदरावर बोट ठेवलं. "इथे गलबतं लागतात ना? मग मावरं कोण आणतं? कोळीवाडा कुठाय?"

पुस्तकात कोळीवाडा नव्हता. मी पेन्सिल त्याच्याकडे सरकवली. त्याने तटबंदीच्या बाहेर, चिखलाच्या कडेला, सात घरं काढली. मनोरा बांधला तेव्हा ती आत होती, असं म्हणाला.