तारा उंच आहेत म्हणून बेस नाकारण्याआधी

दुकानाच्या भिंतीवरचा बेस, म्हणजे बेस गिटार, उतरवायचा, दोन ओळी वाजवायच्या, "ॲक्शन फार उंच आहे हो" म्हणायचं आणि परत टांगून ठेवायचा. हे इतक्या वेळा होतं की शेवटी हे पत्रक छापलं. ॲक्शन म्हणजे तार आणि फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) यांमधलं अंतर. ते ब्रिजवरच्या (तारा खालच्या टोकाला अडकवतात तो भाग) सॅडलचे, म्हणजे तारा टेकतात त्या छोट्या आधारांचे, बारीक स्क्रू फिरवून कमी-जास्त करता येतं. आमच्या टेबलावर ते काही मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी चांगला बेस हातचा जातो, आणि जे कुठल्याच किल्लीने बदलत नाही ते तपासायचं राहून जातं. मग दोन-तीन महिन्यांनी तोच ग्राहक दुसरीकडून घेतलेला बेस घेऊन येतो आणि "याचं काही करता येईल का?" विचारतो. तेव्हा नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटतं.

न बदलणाऱ्या गोष्टींत पहिला तोल. पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकू लागला, तर पुढची सगळी वर्षं तुमचा डावा हात सूर दाबायचा सोडून नेक सावरत बसेल. मग वजन. ४ किलोच्या आसपासचा बेस बहुतेकांना झेपतो. साडेचारच्या पुढचा असेल तर निदान वीस मिनिटं उभ्याने वाजवून मगच ठरवा. नेकची रुंदी हातानेच कळते: नटपाशी (हेडस्टॉकजवळ तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपाशी) काही बेस ३८ मिलिमीटरचे असतात, काही ४२चे. ऐकायला फरक किरकोळ, पण पहिल्या चार फ्रेट्समध्ये बोटं पसरताना तो लगेच जाणवतो.

आणि एक, जे जवळजवळ कुणीच पाहत नाही. सगळ्यात बारीक तारेवर, म्हणजे 'जी' (G) तारेवर, चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने छेडा आणि विरेपर्यंत थांबा. एखादा सूर बाकीच्यांच्या निम्म्यातच मरत असेल, तर ती त्या नेकच्या लाकडातली मेलेली जागा आहे. कमी-अधिक प्रमाणात हे पुष्कळ बेसमध्ये सापडतं, नावाजलेल्या ब्रँडमध्येही. फार खटकलं तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. आम्ही आनंदाने काढून देतो.

आता ट्रस रॉडबद्दल, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. ॲक्शन कमी करायची म्हणून घरी ट्रस रॉड पिळू नका. चार तारांचा मिळून ताण ७०-८० किलोंच्या घरात असतो. त्या ताणाने नेक पुढे वाकते आणि रॉड तिला मागे धरून ठेवतो. त्याचं काम एवढंच. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली बघा: तिथे साधारण ०.३ मिलिमीटरची फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. ही फट जुळल्यावरच सॅडलला हात लावायचा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर ठेवले की बहुतेकांची बोटं खूश होतात. एका ग्राहकाने मापात न बसणारी किल्ली घालून रॉड आवळला होता. रॉडच्या टोकाच्या नटाचे कोपरे गोल झाले, नेक मागे वाकली आणि पहिल्या तीन फ्रेट्सवर तारा नुसत्या खरखरत होत्या. तो नट बाहेर काढायला आमचा अख्खा दिवस गेला.

मधल्या किमतीत काय घ्यावं, असं विचारलंत तर आम्ही यामाहाची बीबी मालिका हातात देतो आणि समोरचा चेहरा जरा पडतो. यामाहा म्हटलं की लोकांना कीबोर्ड आठवतो, नाहीतर मोटारसायकल. पण या कंपनीची सुरुवातच १८८७ साली ऑर्गनच्या दुरुस्तीतून झाली, आणि तिच्या चिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. बीबी बेस १९७०च्या दशकापासून बनतात. जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचा माजी बेसवादक पीटर हुक बीबी वाजवतो, बेसवादक नेथन ईस्टचं नाव तर या मालिकेशी कायमचं जोडलेलं आहे. बीबी४३४मध्ये नेक सहा स्क्रूंनी घट्ट बसवलेली असते. नेककडे प्रिसिजन पद्धतीचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) आणि ब्रिजकडे जॅझ पद्धतीचा (दोन्ही फेंडरच्या गाजलेल्या बेसची नावं), त्यामुळे भरदार खर्ज आणि टोकदार आवाज दोन्ही एकाच बेसमध्ये मिळतात. बॅटरीची भानगड नाही. बीबी७३४ए घेतलात तर बॅटरीवर चालणारं ॲक्टिव्ह सर्किटही मिळतं, शिवाय पॅसिव्हवर, म्हणजे बॅटरीशिवाय, टाकायचा स्विच असतो, म्हणजे ऐन कार्यक्रमात बॅटरी गेली तरी बेस मुका होत नाही. वाजवून झाल्यावर केबल मात्र काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर ॲक्टिव्ह बेसची बॅटरी उतरत राहते.

टांगलेले बेस आधीच सेट का करून ठेवत नाही, असंही विचारलं जातं. कुणी बोटांनी हळुवार वाजवतं, कुणी पिकने जोरात. एकाला सोयीची ॲक्शन दुसऱ्याच्या हातात खरखरते. म्हणून तुम्ही बेस पसंत केलात की तुमच्यासमोर, तुमच्या हाताप्रमाणे, तुमच्या जाडीच्या तारा घालून आम्ही तो लावून देतो. हवामान बदललं की लाकूड थोडं हलतं, त्यामुळे पहिल्या वर्षात आणखी एकदा आणा. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. निवडीआधी हवं असेल, तर ज्या एका बेसवर मन बसलंय त्याची ॲक्शन तेवढ्यापुरती उतरवून देऊ, फक्त तसं सांगा.

येताना स्वतःचा पट्टा आणा, आणि आत्ता ज्या तारा वापरता त्यांचं रिकामं पाकीट सापडलं तर तेही. जाडी त्यावर छापलेली असते.