अगस्ती : दक्षिण क्षितिजालगतच्या ताऱ्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या बराच खाली, दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा ठळक पांढरा तारा म्हणजे अगस्ती. रात्रीच्या ताऱ्यांत तेजाच्या बाबतीत व्याधानंतर त्याचाच क्रमांक लागतो. मात्र व्याध आपल्यापासून अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, तर अगस्ती सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर. इतक्या दुरूनही तो एवढा उजळ दिसतो, कारण तो सूर्याच्या सुमारे दहा हजार पट तेजस्वी आणि व्यासाने सत्तर पटींच्या आसपास मोठा, फुगलेला तारा आहे.

त्याच्याभोवतीच्या बहुतेक परंपरांचे मूळ मात्र त्याच्या तेजापेक्षा त्याच्या आकाशातील जागेत आहे. पुण्याहून तो क्षितिजावर जास्तीत जास्त १९ अंश चढतो, दिल्लीहून नऊ अंशांपेक्षाही कमी, आणि साधारण ३७ उत्तर अक्षांशापलीकडे तो उगवतच नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेल्या, समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीचे नाव त्याला मिळाले, ते या दृष्टीने चपखल आहे. उन्हाळ्यात सूर्यतेजात लोपलेला हा तारा पावसाळ्याच्या उत्तरार्धात पहाटे पुन्हा दिसू लागतो. त्याच्या उदयाने गढूळ पाणी निवळते, असे कालिदासाने ‘रघुवंशा’त म्हटले आहे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अगस्तीला स्वतंत्र अध्याय दिला. त्यात हा उदय प्रत्येक ठिकाणासाठी गणिताने काढावा असे सांगून, उज्जयिनीत सूर्य कन्या राशीपासून सात अंश अलीकडे असताना तो होतो, असे त्याने नोंदवले. अक्षांशानुसार उदयाचा दिवस बदलतो ही जाण त्यात स्पष्ट दिसते, आणि त्याच अध्यायातील अगस्तीला अर्घ्य देण्याच्या विधीपेक्षा मला तीच अधिक मोलाची वाटते.

ग्रीकांनी त्याला ट्रॉयच्या युद्धकथेतील राजा मेनेलाउसच्या नौकेच्या सुकाणूधराचे, कॅनोपसचे, नाव दिले. इ.स.पू. पहिल्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ पोसिडोनियसने ऱ्होड्स बेटावर जेमतेम क्षितिजाला टेकणारा हा तारा अलेक्झांड्रियात वर्तुळाच्या ४८व्या भागाइतका वर येतो, असे धरून, या कोनावरून आणि दोन ठिकाणांमधील अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढला. कोन ढोबळ होता, पण तर्क बिनचूक होता. अरबांचा ‘सुहैल’ उकाडा ओसरल्याची खूण ठरला. चीनमध्ये तो ‘दक्षिण ध्रुवाचा वृद्ध’ व दीर्घायुष्याचा देव झाला. तो दिसला तर शांतता, न दिसल्यास युद्ध, असे प्राचीन चिनी इतिहासकार सिमा च्यानच्या इतिहासग्रंथात आहे. प्राचीन राजधानी छांगआनहून तो फार तर तीन अंश वर येत असल्याने, धुरकट क्षितिजावर तो न दिसणे मुळीच दुर्मीळ नसणार. न्यूझीलंडच्या माओरींना मात्र ‘आतुताही’ जवळजवळ डोक्यावर दिसतो.

‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ज्योतिषग्रंथाने अगस्तीला मिथुन राशीच्या अंती, क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या) ८० अंश दक्षिणेस ठेवले आहे, आधुनिक मापनानुसार हे अंतर सुमारे ७६ अंश भरते. सूर्याच्या दिशेशी जवळजवळ काटकोन करणारी हीच जागा पुढे अंतराळयानांच्या कामी आली: १९६४मध्ये मंगळाकडे निघालेल्या ‘मरिनर ४’ने एक संदर्भ सूर्याचा आणि दुसरा अगस्तीचा घेऊन स्वतःची दिशा स्थिर राखली.