टीव्हीचा आवाज होम थिएटरवर: पाचही स्पीकर वाजतात, पण सराउंड येतोय का?

होम थिएटर जोडले, पाचही स्पीकर वाजू लागले, की काम झाले असे वाटते. पुष्कळदा ते अर्धेच झालेले असते. मागच्या स्पीकरमधून आवाज येणे ही एक गोष्ट आणि सराउंड येणे ही दुसरी. खऱ्या ५.१ आवाजात प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज भरलेला असतो: संवाद मधल्या स्पीकरला, संगीत आणि हालचाल डाव्या-उजव्याला, आजूबाजूचा पाऊस किंवा गर्दी मागच्या दोघांना आणि गडगडाट सबवूफरला. टीव्हीकडून फक्त स्टिरिओ आला, तर बरीच होम थिएटर तोच आवाज पाचही स्पीकरना वाटून देतात. खोली भरून आवाज येतो, पण मागून येणारा पाऊस मागून येत नाही.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. दोन माणसे बोलत असतील असा प्रसंग लावा आणि मागच्या स्पीकरपाशी कान न्या. संवाद तिथेही पुढच्याइतकाच स्वच्छ ऐकू येत असेल, तर तुम्ही स्टिरिओच ऐकत आहात. मागे जवळजवळ शांतता असेल किंवा नुसती आजूबाजूची खसफस येत असेल, तर सराउंड नीट चालू आहे. म्हणून ‘मागचे स्पीकर फार हळू वाजतात’ ही तक्रार अनेकदा तक्रार नसते, ते बरोबर चालल्याचे लक्षण असते.

आवाज हरवतो कुठे?

आवाजाचा रस्ता असा आहे: सेट-टॉप बॉक्स, गेम कन्सोल किंवा टीव्हीतले अ‍ॅप, मग टीव्ही, मग केबल, मग होम थिएटर. या रस्त्यात कुठेही एकदा सहा चॅनेलचे (पाच स्पीकर आणि सबवूफर यांच्यासाठीचे सहा वेगळे आवाज) दोन झाले की पुढे कितीही महागडे यंत्र असले तरी सहा परत मिळत नाहीत. त्यामुळे स्पीकर बदलण्याआधी दोन कुठे होतात ते शोधा. या पत्रकातले जवळजवळ सगळे त्यासाठीच आहे.

केबल कोणती

टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून किंवा लाल-पांढऱ्या आरसीए पिनांतून दोनच चॅनेल बाहेर पडतात. या मार्गाने ५.१ येणे शक्य नाही. होम थिएटरमध्ये ‘प्रो लॉजिक’ असेल तर ते स्टिरिओवरून मागचा आवाज अंदाजाने वेगळा काढते. ऐकायला ते बरे लागते, पण तो अंदाजच. ब्लूटूथनेही दोनच चॅनेल येतात, शिवाय आवाज ओठांच्या मागे पडतो. चित्रपटासाठी ब्लूटूथ वापरू नका.

ऑप्टिकल केबलचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तिच्यात मुळात दोन चॅनेलच्या कच्च्या आवाजापुरतीच जागा असते: सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे साधारण १५ लाख बिट. सहा चॅनेलचा कच्चा आवाज याच हिशेबाने ४६ लाखांवर जातो, तो मावत नाही. पण डॉल्बी डिजिटलमध्ये तेच सहा चॅनेल दाबून जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार बिटांत बसवलेले असतात, ते आरामात मावतात. म्हणून ऑप्टिकलवर ५.१ मिळते, पण दाबलेल्या रूपातच. कच्च्या रूपात, म्हणजे पीसीएममध्ये, पाठवले की दोन चॅनेल. हे एवढे लक्षात राहिले तर पुढची निम्मी सेटिंग आपोआप समजतात.

एचडीएमआय एआरसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज होम थिएटरकडे परत पाठवण्याची सोय, २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. त्याचाही हिशेब हाच: दाबलेले ५.१ किंवा कच्चे दोन. फायदा असा की अनेक टीव्ही यावरून डॉल्बी डिजिटल प्लसही पाठवतात, जे ऑप्टिकलवरून जात नाही. अ‍ॅपमधले अ‍ॅटमॉस (डॉल्बीचा वरूनही आवाज देणारा प्रकार) बहुतेक याच रूपात येते. ऑप्टिकल जोडले असेल तर टीव्ही डिजिटल प्लसचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करतो. सगळेच टीव्ही हे करत नाहीत. जे करत नाहीत ते सरळ स्टिरिओ देतात.

ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, २०१७ साली एचडीएमआय २.१ बरोबर आली. त्यात आठ चॅनेलचा कच्चा आवाजसुद्धा मावतो, त्यामुळे वरची बरीच डोकेदुखी संपते. मात्र टीव्ही आणि होम थिएटर दोन्हींवर ‘ईएआरसी’ लिहिलेले हवे. एकावरच असेल तर जोडणी साध्या एआरसीसारखी चालते.

दोन्ही सोयी असतील तर एचडीएमआय एआरसीच जोडा. टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त करता येतो, आणि घरातल्या प्रत्येकाला दुसरा रिमोट शोधावा लागत नाही.

जोडणी

टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी एआरसी साधारणपणे एकाच पोर्टवर असते आणि तसे बाजूला छापलेले असते. केबल त्यातच लावा. होम थिएटरच्या बाजूला ज्या पोर्टवर ‘एचडीएमआय आउट (एआरसी)’ किंवा ‘टीव्ही एआरसी’ लिहिलेले आहे तोच घ्यायचा. इथे सगळ्यात जास्त चूक होते. आवाज होम थिएटरमध्ये यायचा आहे, मग केबल ‘इन’मध्ये लावायला हवी, असे कोणालाही वाटेल. पण ‘आउट’ हे नाव चित्रावरून पडले आहे. चित्र या पोर्टमधून टीव्हीकडे जाते आणि आवाज त्याच केबलमधून उलटा परत येतो. एआरसीमधला ‘आर’ म्हणजे रिटर्न, तो हाच. ‘इन’मध्ये लावलेल्या केबलवरून टीव्हीचा आवाज येणार नाही.

जुन्या डीव्हीडीवाल्या संचांवर कधी नुसते ‘एचडीएमआय आउट’ असते आणि एआरसी हा शब्द कुठेच नसतो. तो पोर्ट केवळ डीव्हीडीचे चित्र टीव्हीला देतो. अशा संचाला ऑप्टिकल केबल वेगळी लावावी लागते.

आवाज परत आणण्याचे काम एचडीएमआयच्या १४ क्रमांकाच्या पिनेवरून होते. एआरसीच्या आधीच्या काही स्वस्त केबलमध्ये ही पिन आत जोडलेलीच नसते. चित्र झकास दिसते, आवाज मात्र येत नाही. दुसऱ्या केबलने एकदा पाहावे, तेवढ्यानेच काम होते असे बरेचदा घडते.

ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोपणे असतात. ती काढायची राहून जातात. टीव्ही चालू असताना केबलच्या मोकळ्या टोकाला लाल प्रकाश दिसला पाहिजे. केबल टोकदार वळवू नका, आत काच किंवा प्लास्टिकचा धागा आहे, तो दुमडला की आवाज तुटक येतो. पाच मीटरच्या आत राहिलेले बरे.

आता क्रम. दोन्ही यंत्रे भिंतीच्या स्विचवर बंद करून केबल लावा, मग चालू करा. दोन्हींच्या मेनूत सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करा. हे एकच आहे, पण सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ आणि फिलिप्समध्ये ‘ईझीलिंक’ या नावाने सापडते. होम थिएटरच्या मेनूत एआरसी वेगळे चालू करावे लागत असेल तर तेही करा. मग टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत ‘साउंड आउटपुट’मध्ये टीव्ही स्पीकरऐवजी एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल निवडा. होम थिएटरवर इनपुट ‘टीव्ही’, ‘एआरसी’ किंवा ‘डी. इन’ (डिजिटल इन) ठेवा.

एक सेटिंग जे पाचचे दोन करते

टीव्हीत ‘डिजिटल ऑडिओ आउट’ किंवा ‘डिजिटल आउटपुट फॉरमॅट’ नावाचे सेटिंग असते. नव्या टीव्हीत ते पुष्कळदा पीसीएमवर ठेवलेले येते, कारण पीसीएम कोणत्याही यंत्रावर हमखास वाजते. पण वरचा हिशेब आठवा: एआरसी किंवा ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोन चॅनेल. तिथे ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ (म्हणजे दाबलेलेच रूप पुढे पाठवणे) किंवा ‘पास-थ्रू’ करा. ‘पास-थ्रू’मध्ये टीव्ही आवाजाला हात न लावता जसा आला तसा पुढे देतो, म्हणून आम्ही आधी तेच लावून बघायला सांगतो. त्यावर काहीच वाजले नाही तर ‘ऑटो’.

टीव्हीचे झाले, तरी रस्त्याचे पहिले टोक उरते. सेट-टॉप बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये स्टिरिओऐवजी डॉल्बी डिजिटल किंवा ‘सराउंड’ निवडा. अ‍ॅपमध्ये त्या चित्रपटाची ५.१ आवाज असलेली भाषा निवडली आहे ना ते पाहा. एकाच चित्रपटाची मूळ भाषा ५.१ मध्ये आणि डब केलेली स्टिरिओमध्ये, हे सर्रास असते. बातम्या आणि मालिका बहुतेक स्टिरिओच असतात, त्यांवरून होम थिएटरची परीक्षा करू नका.

गेम कन्सोलची गोष्ट निराळी. तो लिनिअर पीसीएम, म्हणजे कच्चे ५.१, पाठवतो, स्वतःच्या हिशेबाने योग्यच. पण एआरसीच्या वाटेत ते मावत नाही आणि टीव्ही त्याचे दोन चॅनेल करून देतो. कन्सोलच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डॉल्बी’ किंवा ‘बिटस्ट्रीम डॉल्बी’ केले की पाचही चॅनेल परत येतात. ईएआरसी असेल तर पीसीएम तसेच ठेवा.

काही जुने टीव्ही स्वतःच्या ट्यूनरचा आवाज ५.१ मध्ये देतात, पण एचडीएमआयवरून बाहेरून आलेल्या आवाजाचे ऑप्टिकलवर दोन चॅनेल करतात. टीव्हीची घडणच तशी असते, सेटिंगने ते सुटत नाही. अशा वेळी सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेअरची ऑप्टिकल केबल टीव्हीला वगळून थेट होम थिएटरला लावा, किंवा होम थिएटरला एचडीएमआय ‘इन’ असेल तर प्लेअर तिथे लावा आणि चित्र पुढे टीव्हीला जाऊ द्या. रस्ता जितका आखूड तितका आवाज सुरक्षित.

डीटीएसचेही, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या आवाजाच्या फॉरमॅटचे, सांगायला हवे. पेन ड्राइव्हवरच्या किंवा ब्लू-रेवरच्या काही चित्रपटांचा आवाज डीटीएसमध्ये असतो. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस बंद केले, एलजीच्या २०२० ते २०२२ च्या टीव्हींतही ते नव्हते. अशा टीव्हीवर चित्र येते आणि ‘ऑडिओ फॉरमॅट चालत नाही’ असा संदेश दिसतो. टीव्ही बिघडलेला नसतो. प्लेअर थेट होम थिएटरला जोडला की आवाज येतो.

डिस्प्ले काय सांगतो

सगळे झाल्यावर होम थिएटरच्या डिस्प्लेकडे बघा. ‘डॉल्बी डी’, ‘डीडी प्लस’, ‘डीटीएस’ किंवा ‘३/२.१’ असे दिसले तर बहुधा खरे ५.१ येत आहे. यातला ‘३’ पुढचे स्पीकर, ‘२’ मागचे, ‘.१’ सबवूफर. ‘पीसीएम’ किंवा ‘२.०’ दिसले तर वरचा रस्ता पुन्हा तपासा. ईएआरसीवर मात्र ‘मल्टी पीसीएम’ दिसले तर ते ठीक आहे. डिस्प्ले नसेल तर रिमोटवरचे ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ बटण दाबून पाहा.

स्पीकर

मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून. डावा-उजवा बसण्याच्या जागेवरून मध्यापासून ३० अंशांवर. मागचे दोन खरे तर मागे नसतात, बाजूला थोडे मागे सरकलेले, साधारण ११० अंशांवर, कानापेक्षा थोडे उंच. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ते सोफ्याच्या रेषेतच, बाजूच्या भिंतींवर लावा.

वायरीची टोके लावताना बारीक तारा पिळून घट्ट करा. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटली तरी यंत्र ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडते. लाल लालला, काळा काळ्याला. एकाच स्पीकरची वायर उलटी झाली तर आवाज येतो, पण पोकळ आणि बास नसलेला. लहान अंतराला १६ गेजची वायर पुरते, लांबच्या मागच्या स्पीकरना १४ गेज बरी. संचातल्या स्पीकरच्या जागी दुसरा लावायचा असेल तर मागे लिहिलेले ओहम जुन्याइतके किंवा जास्त असावेत, कमी नकोत.

नंतर सेटअप मेनूत प्रत्येक स्पीकरचे तुमच्या कानापासूनचे अंतर टेपने मोजून भरा. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, त्यावरूनच यंत्र जवळच्या स्पीकरचा आवाज थांबवून सगळे एकदम पोचवते. मग टेस्ट टोन लावून बसल्या जागी सगळे सारखे ऐकू येईपर्यंत पातळी जुळवा. रिसीव्हर आणि वेगळा सबवूफर असेल तर क्रॉसओव्हर (ज्या खालचा आवाज सबवूफरला जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. संवाद दबतो अशी तक्रार असेल तर फक्त मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबल वाढवा, सगळा आवाज वाढवू नका.

अडले तर

काल चालत होते, आज आवाज नाही: दोन्ही यंत्रांचे प्लग काढा, पाच मिनिटे थांबा, आधी टीव्ही मग होम थिएटर लावा. सीईसीची आपसांतली ओळख बिघडलेली असते, रिमोटने बंद-चालू करून ती सुधारत नाही.

आवाज घुमतो, दोनदा ऐकू येतो: टीव्हीचे स्पीकरही चालू राहिलेत, ते बंद करा.

आवाज ओठांच्या आधी येतो: टीव्हीला चित्र सुधारायला वेळ लागतो. होम थिएटरमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ १०-१० मिलिसेकंदांनी वाढवत न्या. आवाज नंतर येत असेल तर डिले शून्य करा आणि टीव्हीत पास-थ्रू लावा.

मागचे स्पीकर अजिबात वाजत नाहीत: टेस्ट टोन लावा. टोनला वाजले तर वायर आणि स्पीकर ठीक, दोष आवाजाच्या रस्त्यात. टोनलाही गप्प राहिले तर त्या स्पीकरची वायर चालू स्पीकरला लावून पाहा, म्हणजे वायर, स्पीकर की यंत्र ते कळेल.

एवढे करूनही जमले नाही तर आम्हाला फोन करण्याआधी टीव्ही आणि होम थिएटरच्या मागचे मॉडेल क्रमांक लिहून घ्या, दोन्हींच्या मागच्या पोर्टांचा एकेक फोटो काढा, आणि आवाज चालू असताना डिस्प्लेवर नेमके काय दिसते ते टिपून ठेवा. एवढ्यावर बहुतेक अडचणी फोनवरच सुटतात.